बाईनं मला उभं केलं

दवाखान्यातून मला घरी आणलं तेव्हा खुर्चीत बसवून वर चढवलं. भिलाईच्या सेक्टर ६ मधलं आमचं क्वार्टर पहिल्या मजल्यावर आहे, आणि उजव्या खुब्याचा सांधा नुकताच बदललेला असल्यामुळे एवढ्यात जिना नको असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. माझा मुलगा, त्याचा शाळेतला एक मित्र आणि खालच्या क्वार्टरमधले दोघं अशा चौघांनी ती हात असलेली खुर्ची उचलली. मी डोळे घट्ट मिटून घेतले होते. जिन्याच्या वळणावर खुर्ची तिरपी झाली तेव्हा आता पडतेच असं वाटून मी कुणाचा तरी खांदा धरला. वर पोचल्यावर डोळे उघडले, तर दारात बाई उभी होती.

बाई म्हणजे माझी मोठी बहीण. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. सत्तरी ओलांडलेली, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. ती दुर्गजवळच्या उतई गावी राहायची. त्या दिवशी सकाळीच तिच्या मुलाच्या मोटारसायकलवर मागं बसून आली होती. एका पिशवीत तिची पातळं आणि दुसऱ्या पिशवीत घरचे तांदूळ, त्यांच्यावर तिवऱ्याची कोवळी भाजी. तिवरा म्हणजे आमच्या माहेरकडची लाखोरी, लाखेच्या डाळीचं रोप. थंडीत ती भाजी मिळाली की बाईला दुसरं काही लागत नसे.

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ऐकू जाईल असं ती मला एवढंच म्हणाली की पलंग फार खाली आहे, तो उंच करावा लागेल. डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं, पण दवाखान्याच्या धावपळीत ते राहून गेलं होतं. हे तसेच सुपेल्याच्या बाजारात गेले आणि एका सुताराकडून लाकडी ठोकळे कापून घेऊन आले. ते पलंगाच्या पायांखाली बसेपर्यंत मी त्याच खुर्चीत बसून होते.

मुलगा पुण्याला असतो. ऑपरेशनसाठी तो आला होता, मी घरी आल्यावर आणखी दोनेक दिवस राहणार होता. त्याचं दिवसभर फोनवर बोलणं चालायचं, बोलता बोलता तो गॅलरीतून आत आणि आतून गॅलरीत करत राही. बाईनं ते पाहिलं आणि त्याला म्हणाली, "तू जा बापू आता. मी आहो." तो माझ्याकडे पाहू लागला. मी मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली तिचं मला वाईट वाटलं नाही. मलाही तसंच वाटलं होतं. मुलाच्या हातून कमोडच्या खुर्चीवर बसायची वेळ आली नाही, म्हणून.

आमचे वडील रेल्वेत होते. नागपूरकडून बदली होऊन दुर्गला आले ते इथलेच झाले. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि बाई अठरा वर्षांची. तिचं लग्न ठरत आलं होतं, ते मागं पडलं. मी जरा कळती झाल्यावरच तिनं लग्न केलं, तेही वडिलांच्याच हाताखाली रुळांवर काम करणाऱ्या माणसाशी, म्हणजे दुर्ग सुटायला नको. पुढं भाऊजींनी उतईला घर बांधलं, थोडी शेती घेतली. भाऊजी जाऊन बरीच वर्षं झाली. मी स्टील प्लांटमध्ये काम करणाऱ्याच्या घरात आले, आणि ह्यांची सगळी नोकरी भिलाईतच गेली. दोघी बहिणींच्या घरांमध्ये फार अंतर नव्हतं, तरी आमचं जाणं-येणं सणावारापुरतंच राहिलं होतं. बाई बोलायला कमी. तिच्या घरी गेलं की ती जेवायला वाढायची, आणि जेवण झालं की विचारायची, अजून बसते का जाते.

तीच बाई आता माझ्या पलंगाशेजारी खाली सतरंजी टाकून झोपू लागली.

खुबा बदलल्यावर पहिले दिवस कसे जातात हे ज्याच्यावर वेळ येते त्यालाच कळतं. दुखणं तर असतंच. पण मला दुखण्याहून जास्त जड गेलं ते पाठीवर पडून राहणं. दोन पायांत जाडजूड उशी. कुशीवर वळायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, खाली वाकायचं नाही, गुडघा खुब्याच्या वर जाईल असं कुठं बसायचं नाही. जन्मभर जमिनीवर बसून भाजी निवडलेली, पाटावर बसून जेवलेली मी. आता माझं जग छताचा पंखा आणि खिडकीतला आंबा एवढंच उरलं. पायांत पांढरे घट्ट मोजे, ते चढवायलाही दुसरं माणूस लागायचं. रोज पोटात एक इंजेक्शन, रक्ताची गाठ होऊ नये म्हणून. ते देणाऱ्या नर्सबाई येऊन गेल्या की बाई तिथं बोटानं हळूच दाबून धरायची.

घरी आल्यावरच्या दुसऱ्याच दिवशी मी रडले. बाई माझं अंग ओल्या कपड्यानं पुसत होती. आधी पाठ, मग मांड्या, मग सगळंच. साठीला आलेली बाई मी, नातवंडाची आजी, आणि लहान लेकरासारखी उघडी पडले होते. मी तोंड भिंतीकडे फिरवलं. तिनं कपडा पिळला आणि पुन्हा पुसू लागली.

"कावून रडून राहिली?"

मी म्हणाले, लाज वाटते.

"लहानपनी तुले कोनं धुतलं?" ती म्हणाली. "तेव्हा नाही लाजली."

त्यानंतर मी लाजले नाही. तिनं मला विंचरलं, भरवलं, कमोडच्या खुर्चीवर बसवलं, उठवलं. व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची, ती हिंदीतून सगळं समजावून सांगायची. टाच गादीवर घासत पाय जवळ घ्या, गुडघ्याखालचा टॉवेल दाबा, घोटा वर-खाली करा. बाई शेजारी उभी राहून पाहायची. मुलगी गेली की दुपारी आणि संध्याकाळी तेच सगळं ती माझ्याकडून करून घ्यायची. मी टाळाटाळ केली की ती वाद घालत नसे. नुसती पलंगाशी उभी राहायची, मी पाय हलवेपर्यंत.

वॉकर धरून पहिल्यांदा खोलीभर चालले तेव्हा ती माझ्यासमोर उलटी चालत होती, दोन्ही हात पुढं केलेले. मी पाहत होते वॉकरच्या पायांकडे. ती म्हणाली, खाली पाहू नको, माह्याकडे पाय. आमच्या बोलीत पाय म्हणजे पाहा. दारापर्यंत पोचल्यावर मला इतका घाम आला होता की तिनं पदरानं माझा चेहरा पुसला. मग म्हणाली, आता वापस.

ह्यांच्याशी ती बोलायची ती माझ्यामार्फत. "जवाई जेवतील का आता, विचार." हे तिथंच दोन हातांच्या अंतरावर उभे असायचे. तिला गुडाखूची सवय होती. गुडाखू म्हणजे तंबाखूची काळी मऊ मिस्री, इकडच्या खेड्यांत बायका सकाळी दातांना लावतात. उतईला राहून तिला ती लागली होती. ह्यांना कळू नये म्हणून ती मागच्या गॅलरीत जाऊन दाराआड उभी राहायची. ह्यांना ते पहिल्याच सकाळी कळलं होतं. पण तेवढा वेळ हे वर्तमानपत्र घेऊन पुढच्या खोलीतच बसून राहायचे, मागं फिरकत नसत. एवढं सौजन्य ह्यांनी माझ्या बाबतीत दाखवल्याचं मला आठवत नाही, असं मी म्हणाले तेव्हा हे हसले.

टाके निघाल्यावर दुपारी मला पुढच्या गॅलरीत उन्हात बसवू लागले. उंच खुर्ची, खाली दोन उशा. बाई खाली फरशीवर पाय पसरून बसायची, तांदूळ निवडत नाहीतर तिवऱ्याची पानं खुडत. मोठी बहीण खाली आणि मी वर, याचं मला अवघड वाटायचं. तिच्या डोक्याचा मधला भाग मला वरून दिसायचा, तिथले केस पार विरळ झाले होते. रस्त्यावरून सायकली जायच्या, शिफ्ट सुटली की स्कूटरी. बाई मान वर न करता विचारायची, कोन गेलं?

अशाच एका दुपारी मी तिला विचारलं, आई कशी होती गं. साठ वर्षांत मी तिला हे कधी विचारलं नव्हतं. मला आईचा चेहरा आठवत नाही. घरात तिचा फोटो नव्हता. मला आठवतं ते एवढंच की कुणीतरी मला मांडीवरून उतरवून दुसऱ्याच्या मांडीवर ठेवलं, आणि ज्या मांडीवर ठेवलं ती बाईची होती.

बाईनं ताट जवळ ओढलं. ताटातले खडे बाजूला काढत राहिली. मग म्हणाली, आई तापट होती. तिच्या हातचं वरण पातळ व्हायचं, वडील त्यावरून बोलायचे. पाणी भरताना स्वतःशीच बोलायची. मग एकदम म्हणाली, "तुह्यासारखीच चालायची ते."

मी म्हणाले, म्हणजे?

"लंगडत. याच पायानं. तिचाबी खुबा दुखे. झोपायच्या आधी मी दाबून द्यायची."

मी माझ्या पायाकडे पाहत राहिले. कितीतरी वर्षं मी लंगडत होते. लग्नाच्या आधीपासून थोडंसं, पुढं पुढं जास्त. सासरी त्यावरून बोलणी खाल्ली होती. डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितलं होतं की सांधा बहुधा जन्मापासूनच नीट बसलेला नसावा. पण ही चाल माझ्या आईची आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि आता तो सांधाच काढून टाकला होता. आईचं माझ्याजवळ एवढंच होतं आणि तेही मी कळत-नकळत दवाखान्यात सोडून आले, असं मनात आलं. असलं काही बाईला बोलून दाखवण्यासारखं नव्हतं. ती म्हणाली असती, दुखनं गेलं ना, बस झालं.

मी विचारलं, मग आधी कधी सांगितलं नाहीस.

"तू कुठं विचारलं," ती म्हणाली.

त्यानंतर मी रोज काही ना काही विचारू लागले, आणि ती एखाद-दुसरं वाक्य सांगायची. आईला चिंच आवडायची. आई गेली त्या दिवशी दुर्गला सकाळपासून धुकं होतं आणि गाड्या उभ्या राहिल्या होत्या, म्हणून भंडाऱ्याहून मामा वेळेवर पोचले नाहीत. आई शेवटी बाईला काय म्हणाली, हे विचारायचं माझ्या जिभेवर यायचं, आणि मी थांबायची. घाई काय आहे, असं वाटायचं. अजून बरेच दिवस पडून राहायचं आहे, विचारू.

पडून राहिलेल्या माणसाला घर कानांनी कळतं. बाई बाजारातून आली की तिच्या चपलांचा आवाज जिन्यात यायचा, आणि वळणावर थांबायचा. मधे काही ऐकू येत नसे. मग पुन्हा सुरू. पहिल्या दिवसांत तो लवकर सुरू व्हायचा. पुढं पुढं मला वाट पाहावी लागू लागली. एकदा ती आत आल्यावर मी विचारलं, बाई, कावून थांबली होती?

"चप्पल निघाली," ती म्हणाली.

तिचा चेहरा फिकट होता. स्वयंपाकघरात जाऊन तिनं ओवा चावला, त्याचा वास माझ्यापर्यंत आला. मी ह्यांना म्हणाले, बाजार आता तुम्ही करा. हे तयारच होते. पण बाई ऐकेना. जवायाले भाजी समजत नाही, हे तिचं म्हणणं. मी पुन्हा म्हणाले, एकदा दाखवून घे, छातीत वगैरे दुखत असेल. ती म्हणाली, गॅस होते, जेवन झालं की बरं वाटते. आणि वॉकर पुढं सरकवून म्हणाली, ऊठ, तुही चालायची वेळ झाली.

पौषाची पौर्णिमा जवळ आली. इकडे त्या दिवशी छेरछेरा असतो. नवं धान घरात आलेलं असतं, आणि पोरं टोपल्या, झोळ्या घेऊन दारोदार धान मागायला येतात. कुणाला रिकामं पाठवायचं नाही. आमच्या मराठी घरांत हा सण नव्हता, पण बाईनं उतईला घर केल्यापासून कधी चुकवला नव्हता. मला वॉकरनं न्हाणीपर्यंत एकटीला जाता येऊ लागलं होतं. मीच तिला म्हणाले, जाऊन ये. पोरं तुझ्या दाराशी येतील.

तिचा मुलगा न्यायला आला. जायच्या आधी तिनं ह्यांना मोजे चढवायला शिकवलं. त्या दिवशी ती पहिल्यांदा ह्यांच्याशी सरळ बोलली. टाच आधी बसवा, मग वर ओढा, घडी पडू देऊ नका, घडी पडली की टोचते. ह्यांनी दोनदा करून दाखवलं. मग ती माझ्याजवळ आली, उशी नीट केली, पाण्याचा तांब्या हाताशी सरकवला.

"वाकू नोको," ती म्हणाली. "काही पडलं तर पडू दे. मी आली की उचलीन."

जिन्यात तिच्या चपला उतरत गेल्याचा आवाज आला. उतरताना ती कुठं थांबली नाही.

छेरछेऱ्याच्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. पोरं खूप आली म्हणे, सूप पुन्हा पुन्हा भरावं लागलं. मला विचारलं, चालली का. मी म्हणाले, चालले. खोटं सांगत होते. तिला ते कळलं असणार, कारण ती म्हणाली, बरं, मग आता अजून एकदा चाल.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे माझ्या पायात मोजा चढवत होते तेव्हा ह्यांचा फोन वाजला. मोजा अर्ध्यावर सोडून हे बाहेरच्या खोलीत गेले. मला फक्त ह्यांचा आवाज येत होता. "हो," आणि मग, "कुठं आणलं?" आत येऊन हे पलंगाच्या कडेवर बसले. ऑपरेशन झाल्यापासून, पलंग हलेल म्हणून, हे कधी माझ्या पलंगावर बसले नव्हते. ह्यांनी सांगितलं, बाईच्या छातीत दुखू लागलं, पोरानं भिलाईला दवाखान्यात आणलं आहे, मी जाऊन येतो.

मी म्हणाले, मला न्या. हे नाही म्हणाले. मला न्यायचं म्हणजे पुन्हा ती खुर्ची, चार माणसं, गाडी. ते सगळं जमवेपर्यंत वेळ जाईल. ह्यांचं खरं होतं. ह्यांनी शेजारच्या क्वार्टरमधल्या आंध्रच्या बाईंना माझ्याजवळ बसवलं आणि गेले. त्या बाईंना मराठी येत नाही, आणि त्या दिवशी मला हिंदी सुचेना. त्या माझा हात धरून बसल्या होत्या. मधेच त्यांना माझा अर्धा राहिलेला मोजा दिसला, तो त्यांनी वर ओढून दिला. त्यात घडी पडली होती. ती टोचत राहिली.

दवाखाना आमच्या घरापासून लांब नव्हता. पाय धड असते तर मी चालत गेले असते. बाई तिथं होती आणि मी इथं पंख्याकडे पाहत पडले होते. दुपार झाली. ह्यांचा फोन आला तेव्हा ह्यांनी काही सांगायच्या आधीच मला कळलं, कारण हे नुसतं माझं नाव घेऊन थांबले होते. लग्नानंतर ह्यांनी मला नावानं हाक मारल्याचे प्रसंग फार थोडे.

थोड्या वेळानं भाच्याचा फोन आला. त्याचा आवाज अगदी शांत होता. त्याला मयत उतईला न्यायची होती, तिथं लोक वाट पाहत होते. तो म्हणाला, "मावशी, आईले तुह्याकडून घेऊन जातो. तू गॅलरीत उभी राहा. गाडी खाली थांबवतो."

मी हो म्हणाले आणि फोन ठेवला. मग वॉकर ओढून घेतला. गॅलरीत गेले नाही. दाराकडे निघाले.

शेजारच्या बाई घाबरल्या. त्यांनी मला अडवलं, हात जोडले. मी त्यांना मराठीतच म्हणाले, मला फक्त खाली उतरायचं आहे. व्यायाम शिकवणारी मुलगी जिना पुढच्या आठवड्यात घेणार होती, पण कसं करायचं ते तिनं बोलता बोलता सांगून ठेवलं होतं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. मी जिन्याच्या तोंडाशी उभी असतानाच हे खालून वर आले. मला पाहून हे थबकले. मी ह्यांच्याकडे पाहिलं.  ह्यांनी शेजारच्या बाईंना वॉकर खाली न्यायला सांगितलं, आणि स्वतः माझ्या एक पायरी खाली, माझ्याकडे तोंड करून उभे राहिले.

मी डाव्या हातानं कठडा धरला, उजवा हात ह्यांच्या खांद्यावर टाकला. उजवा पाय खाली टेकवला, मग डावा. पुन्हा उजवा. खुब्यात आतून काहीतरी ओढल्यासारखं होत होतं. वळणावर मला थांबावं लागलं. हे म्हणाले, थांब, घाई नको. बाई याच पायरीवर थांबायची, हे माझ्या मनात आलं, आणि मी तिथं जास्त वेळ उभी राहू शकले नाही.

गाडी आली तेव्हा मी खाली वॉकर धरून उभी होते. कॉलनीतल्या काही बायका बाहेर येऊन भिंतीशी उभ्या राहिल्या होत्या. भाचा उतरला. त्याला मी वर दिसेन असं वाटलं होतं, तो गॅलरीकडेच पाहत होता. मग त्यानं मला पाहिलं. त्यानं गाडीचं मागचं दार उघडलं आणि आत वाकून म्हणाला, "आई, मावशी आली."

दवाखान्याच्या पांढऱ्या चादरीत तिला गुंडाळलं होतं. डोकं आतल्या बाजूला, पाय दाराकडे. भाच्यानं चादर सरकवली. गाडीतली फळी माझ्या कंबरेएवढी उंच होती. तिचे पाय अगदी माझ्या हाताशी होते, वाकायची गरजच नव्हती. मी दोन्ही हात त्यांच्यावर ठेवले. टाचांना भेगा होत्या, भेगांत उतईची माती होती. थंडगार पाय. मी ते चोळू लागले. चोळून काही होणार नाही हे कळत होतं तरी मी चोळत राहिले, आणि मला कुणी थांबवलं नाही.

चेहरा मला लांबूनच दिसला. आत चढणं मला शक्य नव्हतं. झोपेत तिचं तोंड उघडं राहायचं, पण आता ते मिटलेलं होतं. मला तिला काहीतरी म्हणायचं होतं. मी म्हणाले, बाई, मी उतरले. एवढंच तोंडातून निघालं.

भाच्यानं दार लावलं. उजेड आहे तोवर पोचायला हवं, म्हणाला. हे त्याच्याबरोबर गेले. जायलाच हवं होतं, माझ्या माहेरचं दुसरं कुणी नव्हतं. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी मी तशीच उभी होते. मग शेजारच्या बाईंनी आणि खालच्या क्वार्टरमधल्या सूनबाईंनी मला धरून वर चढवलं. चढताना चांगला पाय आधी. त्या दोघींना ते माहीत नव्हतं, मीच प्रत्येक पायरीला सांगत होते.

संध्याकाळी पाय सुजला. व्यायामाची मुलगी आली, ती आधी रागावली, मग मी तिला कारण सांगितलं. तिनं बर्फ लावला, डॉक्टरांना फोन केला. सांध्याला काही झालं नव्हतं.

पुढचे दिवस मी कसे काढले हे मला नीट सांगता येणार नाही. पलंगाशेजारची सतरंजी ह्यांनी गुंडाळून ठेवली होती. ती दिसत नव्हती तर बरं वाटायला हवं होतं, पण मला तीच जागा दिसत राहायची. हे वरण-भात शिकले. मोजे नीट चढवू लागले. दुपारी मला गॅलरीत बसवायचे, आणि रस्त्यावर कोण गेलं हे विचारणारं खाली कुणी नसायचं. आईविषयी जे विचारायचं होतं ते आता कुणालाच विचारता येणार नव्हतं. आईला पाहिलेलं माणूस या जगात उरलं नव्हतं. हा विचार मला बाई गेल्यानंतर बऱ्याच दिवसांनी आला, आणि आला तेव्हा मी वॉकर घेऊन खोलीत चालत होते. मी चालायची थांबले. मग पुन्हा चालू लागले.

तेरवीला मी उतईला गेले. पुढच्या सीटवर उशी, सीट मागं झुकवलेली, हे सारखे ड्रायव्हरला खड्डे सांभाळायला सांगत होते. बाईच्या घरी सगळ्या बायका खाली बसलेल्या आणि मला एकटीला उंच खुर्ची. जेवणं उरकल्यावर भाचा माझ्याजवळ येऊन जमिनीवर बसला.  मग म्हणाला, "मावशी, तुले कोनीतरी सांगनच, म्हणून मीच सांगतो. आईले मालूम होतं."

मला समजलं नाही. त्यानं सांगितलं. दिवाळीनंतर बाईच्या छातीत दुखलं होतं. तो तिला दुर्गला डॉक्टरकडे घेऊन गेला होता. डॉक्टरांनी हृदयाची तपासणी करायला सांगितलं होतं, वेळ घालवू नका असंही म्हणाले होते. माझ्या ऑपरेशनची तारीख तेव्हा ठरलेली होती. बाई म्हणाली, आधी तिचा पाय होऊन जाऊ दे, मग माझं पाहू. आणि मावशीला यातलं काही सांगायचं नाही, अशी तिनं पोराला शपथ घातली होती.

तो रडू लागला. त्याला वाटत होतं की मी त्याला बोलेन. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण मला राग आला होता. त्याचा नाही, बाईचा. इतका राग मला तिचा आयुष्यात कधी आला नव्हता. माझं ऑपरेशन थांबलं असतं. खुबा इतकी वर्षं दुखत होता, आणखी वर्षभर दुखला असता. मी तिला हेच सांगितलं असतं, म्हणून तर तिनं सांगितलं नाही. मला उचलता उचलता, माझ्यासाठी जिना चढता चढता तिनं स्वतःला संपवलं, आणि चप्पल निघाली म्हणून सांगितलं. त्या खुर्चीत बसून मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते. रडू मला परतीच्या वाटेवर गाडीत आलं. ह्यांनी ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला सांगितली आणि मी आवरेपर्यंत हे खाली उतरून रस्त्याकडे पाठ करून उभे राहिले.

राग अजून आहे. कमी झाला आहे असं म्हणता येत नाही. कधी कधी दिवसभर नसतो, आणि मग जिना चढताना वर येतो.

उन्हाळा लागायच्या सुमारास डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं. वॉकर सुटून काठी आली होती. त्यांनी नवा एक्स-रे उजेडासमोर धरून पाहिला, मला खोलीत चालायला लावलं, वळायला लावलं. माझी चाल आता सरळ आहे. मी अजिबात लंगडत नाही. सांधा उत्तम बसला आहे, असं ते ह्यांना म्हणाले. पुष्कळ लोक घरी गेल्यावर हयगय करतात, व्यायाम सोडतात, आणि मग आमच्या कामावर पाणी पडतं, असंही म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं की तुमच्या घरी पहिल्या दिवसांत कुणी पाहिलं, चांगली नर्स ठेवली होती का.

मी म्हणाले, मोठ्या बहिणीनं केलं सगळं.

"त्यांना सांगा," डॉक्टर म्हणाले, "फार चांगलं केलं त्यांनी."

हे माझ्याकडे पाहत होते. मी काठी हातात घेतली आणि उठले.

"सांगते," मी म्हणाले.